इथे हमी मिळत नाही

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या छापखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी फोन केला की आई दाराशी उभी असते आणि तुझं 'हो ताई, बरं ताई' सुरू होतं. मला ती गुणी सून नकोय, माझी भावजय हवी आहे. एका जागी पाच मिनिटं न बसणारी. नणंदेनं आईला चोरून भावजयीला पत्रं लिहायची, असं कुठे झालं नसेल, पण आपल्या घरात सरळ काय होतं?

आधी अभिनंदन. चौथा सरत आला म्हणे. आमचे बंधुराज फोनवर इतके दमलेले वाटले की ओकाऱ्या त्यांनाच होतायत की काय अशी शंका आली.

आता कामाचं. शाळेतल्या पी.टी.च्या शिट्ट्या फुंकणं सोडून मी योग शिकवायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. यंदा फक्त गरोदर बायकांसाठी वेगळा वर्ग काढतेय. एका शिकवणी वर्गाची वरची खोली सकाळची रिकामी असते, ती मिळाली. मालकांना गावभर सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. जिन्याच्या भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आहेत, खालपासून वरपर्यंत. सगळी पोरं दात दुखत असल्यासारखी हसतायत.

बातमी फुटल्याबरोबर सरांच्या सौभाग्यवतींनी मला विचारलंच, की तुम्ही लग्न केलं नाहीत, मूल नाही, तुम्ही काय शिकवणार? मी म्हटलं, तुमची दोन्ही बाळंतपणं ज्या डॉक्टरांनी केली ते काय स्वतः बाळंत होऊन आले होते? मी मात्र घरी येऊन विचार करत बसले, कारण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. स्नायू कुठला, श्वास कसा, हे मी शिकलेय. पण तुझ्या आत काय चाललंय ते मला कोण सांगणार? तूच सांग. लाजू नकोस आणि गोड बोलू नकोस.

सोबत जाहिरातीच्या पत्रकाचा मजकूर आहे. 'निरोगी आई, सहज प्रसूती' असा मथळा केलाय. तुझ्या हातानं छान जुळवून दे.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र छापखान्यात मशीनच्या धडधडीत उभ्याउभ्या वाचलं आणि एकटीच हसले. मालकांना वाटलं, डोहाळे.

वरचा मजला? गरोदर बायकांना? तुमच्या डोक्यात काही आहे की नाही, असं नणंदेला विचारता येत नाही म्हणून विचारत नाही. आणि संडास कुठे आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तो खोलीला लागून हवा. मला आता घटकेघटकेला जावं लागतं आणि दर वेळी चारचौघांत 'आले हं जाऊन' म्हणायचं म्हणजे शरम वाटते. तुमच्या वर्गात विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं, असा नियमच करा.

आत काय चाललंय ते सांगू? हल्ली माझ्याशी कुणी बोलतच नाही, सगळे पोटाशी बोलतात. हे खा, त्याला लागतं. तसं बसू नकोस, त्याला दुखेल. मी म्हणजे नुसतं पार्सल. तुमचे बंधुराजसुद्धा कामावरून आले की आधी पोटाकडे बघतात, मग वर. सासूबाई काही बोलत नाहीत, लांबून बघत असतात. ते बोलण्यापेक्षा वाईट. आणि शेजारच्या काकू, म्हणजे तुमच्या चुलत काकू, दिवसाआड येऊन ऐकवतात की आपल्या घराण्यात आजवर एकीचंही पोट फाडलेलं नाही. असं सांगतात, जसं काही ती घराण्याची इस्टेट आहे.

म्हणून खरं सांगते ताई, मला भीती वाटते. दुखण्याची नाही, त्या काकूंची. तुमचा मथळा मी सगळ्यात मोठ्या टायपात लाल रंगात घेतलाय. जुळवताना जीव कसा शांत झाला. माझी ताईच तर शिकवतेय, मग मला काय होणार आहे?

तुमची,
भिंगरी


४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्रक सुरेख झालंय. संडास आहे, पण खाली, हे तू लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हणजे अक्कल नाही हे तू न विचारताही सिद्ध झालं. सरांशी बोलते.

गावातल्या डॉक्टरीणबाईंना सगळी आखणी दाखवली. बाई फटकळ आहेत, माझं त्यांच्याशी लगेच जमलं. त्यांचं पहिलं म्हणणं, स्वतःच्या डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय एकीलाही सतरंजीवर पाय ठेवू द्यायचा नाही. मग त्यांनी मला समोर शिकवून दाखवायला लावलं. मी शिकवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दर वाक्याला 'अजून थोडं' म्हणता." मी म्हटलं, छे. त्यांनी परत शिकवायला लावलं आणि खरंच, भिंगरी, माझ्या तोंडात दुसरं काही नाही. हात वर, अजून थोडा. वाका, अजून थोडं. शाळेतल्या आळशी पोरींना पळवण्यात जन्म गेला, त्याची जिभेला लागलेली खोड. त्या म्हणाल्या, या बायकांना 'अजून थोडं' कधीही म्हणायचं नाही, 'पुरे' म्हणायला शिकवायचं. हालचाल करताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागून बोलणं तुटलं की थांबायचं. श्वास कोंडायचा नाही. पोट दाबलं जाईल असं काही नाही, दिवस भरत आले की उताणं पडून राहायचं नाही, कुशीवर उशा घेऊन. आणि चक्कर, अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, पोट आवळून येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर योग गेला खड्ड्यात, थेट दवाखाना.

सरांची वेगळीच तऱ्हा. ते म्हणतात, बाई, आपण जिन्यात एक फलक लावू: 'आमच्या वर्गातील नॉर्मल प्रसूती', खाली फोटो आणि नावं. मुलांचे आहेत तसे. मला हसू आवरेना. बघू म्हटलं. मथळ्यावर मात्र ते खूश आहेत.

तुझ्यासाठी हालचालींचा कागद पाठवतेय, चित्रं माझीच, तेव्हा बाई बटाट्यासारखी दिसली तरी चालवून घे. आधी तुझ्या डॉक्टरना दाखव, चिठ्ठी घे आणि मला कळव. तू माझी पहिली विद्यार्थिनी.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. छापखान्यात लग्नपत्रिकांची गर्दी आहे. कागद मिळाला. बटाटा गोड आहे.

मी छान आहे. सोनोग्राफी झाली, बाळ छान आहे. चिठ्ठी तेवढी राहिली, डॉक्टर घाईत होत्या. पुढच्या वेळी घेते. घरी सध्या थोडं हे आहे, म्हणून तिथे काही करता येत नाही, पण तुम्ही काळजी करू नका, मी वेळ काढते.

फलकाची कल्पना मला तरी आवडली. पहिलं नाव माझं लावाल ना?

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

'घरी थोडं हे आहे' म्हणजे काय ते मला सांगायला नको. मी त्या घरात वाढले आहे. मी शाळेत उंच उडी मारायची तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. आता तुला हात वर करू देत नाही, चिठ्ठी आणू देत नाही, आणि तू बापडी पांघरूण घालतेस. मी आज तिलाही पत्र टाकलं आहे आणि चांगलं खरमरीत टाकलं आहे. मुलीला दाबलंस ते दाबलंस, सुनेला दाबू देणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. घाबरू नकोस. तुझ्या बाजूनं मी उभी आहे.

ताई


११ मार्च

थोरलीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मला कपाळाला हात लावणारी म्हणालीस. उंच उडीच्या वेळी मी हात लावला होता, कारण तू वाळूत न पडता दगडावर पडली होतीस. ते असो.

तुझी भावजय चार दिवस दवाखान्यात होती. कालच घरी आणली. अंगावरून रक्त गेलं, तेही छापखान्यात. तिथल्या बायकांनी वेळेवर उचलून नेलं म्हणून दोघं सुखरूप आहेत. बाळाची वार खाली पिशवीच्या तोंडाशी आहे. डॉक्टरनी हे सोनोग्राफीच्या दिवशीच तिला सांगितलं होतं. व्यायाम बंद, उठाबशा बंद, आणि वार वर सरकली नाही तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मला नाही. जेवणाच्या सुट्टीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे तुझ्या त्या कागदाप्रमाणे उठाबशा काढत होती. मी विचारलं, का गं असं केलंस? तर म्हणाली, "ताईंनी लिहिलंय, अजून थोडं जमलं तर उत्तम. मला वाटलं, अजून थोडं केलं तर वार आपोआप वर जाईल."

तुझा कागद मी पाहिला. तुझ्याच अक्षरात खाली तसं लिहिलेलं आहे.

मी तिला काही करू नको म्हटलं नव्हतं. काही म्हटलंच नव्हतं, ते माझं चुकलं. दोन शब्द बोलले असते तर तिनं मला सांगितलं असतं.

काकूंना मी सध्या येऊ नका म्हणून कळवलं आहे. त्या रागावल्या आहेत. रागावू देत.

आई


१४ मार्च

भिंगरी,

तू जवळ असतीस तर आधी तुझा कान पिळला असता आणि मग तुला धरून रडले असते. इथे मी नुसतीच रडतेय आणि पिळायला कान नाही.

माझ्यावर तू रागाव. तो कागद मी डॉक्टरीणबाईंकडून ऐकून आल्यानंतर लिहिला होता. तोंडातून 'अजून थोडं' काढलं आणि हातातून काढायचं राहिलं. आणि तो मथळा. सहज प्रसूती म्हणे. मी काय देवी आहे? कुणाचं बाळ कसं येईल हे मी ठरवणार? गिऱ्हाईक यावं म्हणून लिहिलं आणि पहिली तूच फसलीस. आईची मी फोनवर माफी मागितली. ती एकच वाक्य बोलली, ते तुला सांगणार नाही.

पण तुझ्यावरही माझा राग आहे. डॉक्टरनी नको म्हटलं आणि तू लपवलंस. एका काकूसाठी? काकू आज आहे, उद्या नाही, आणि तशी तब्येतीनं ठणठणीत आहे, आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल.

काल सरांकडे गेले. पत्रकं परत घेतली आणि सांगितलं की मथळा जाणार आणि फलक लागणार नाही. ते म्हणाले, "हमी दिल्याशिवाय कोण येतं बाई? आम्ही नापासांचे फोटो लावतो का?"

मी म्हटलं, "मूल होणं ही परीक्षा नाही. जिचं पोट उघडावं लागतं ती नापास नाही. तुमच्या जिन्यात माझ्या एकाही बाईचा फोटो लागणार नाही."

मग खोली मिळायची नाही, म्हणाले. ठेवा म्हटलं. नाहीतरी ती वरच्या मजल्यावर आहे.

तेव्हा सध्या माझ्याजवळ वर्ग आहे आणि जागा नाही. ती मी शोधीन. तू मात्र आता एकही आसन करायचं नाही. वर्ग तुझ्यासाठी बंद. मी सांगतेय म्हणून नाही, तुझ्या डॉक्टर सांगतायत म्हणून.

ताई


२९ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र पलंगावर बसून लिहितेय. तुमचं पत्र या वेळी घरी आलं, सासूबाईंनी न फोडता आणून दिलं आणि वर विचारलं, "रागावली आहे का?" मी म्हटलं हो. म्हणाल्या, "मग बरी आहे."

घरातल्या घरात हिंडायला परवानगी आहे. छापखाना बंद, उठाबशा बंद, वजन उचलणं बंद. मी सगळं पाळतेय. शपथ. तुमचे बंधुराज आता आधी तोंडाकडे बघतात आणि मग पोटाकडे.

चुकले मी. लपवायला नको होतं. पण आता माझं ऐका, आणि मी भावजय आहे हे दोन मिनिटं विसरा.

काकू म्हणाल्या, घराण्याचं नाव घालवणार. डॉक्टर म्हणाल्या, व्यायाम बंद. आणि तुम्ही लिहिलंत, वर्ग तुझ्यासाठी बंद. आसनं बंद हे मला मान्य. पण वर्ग का बंद? धडधाकट बाई तुमच्याकडे येईल, हात वर करील, हसत घरी जाईल. तिला तुमची तेवढी गरजच नाही. जिला उठायचीसुद्धा भीती वाटते, जी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, तिला तुम्ही दारातून परत पाठवणार? मग तुमच्यात आणि सरांत फरक काय? ते नापासांचे फोटो लावत नाहीत आणि तुम्ही नापासांना आत घेत नाही.

रागावलात? रागवा. मी पण रागावले आहे.

मला काय हवं होतं सांगू? कुणीतरी खुर्ची द्यावी आणि म्हणावं, तू काही करू नकोस, नुसती आमच्यात बस. तेवढं असतं ना, तर मी डॉक्टरांचं म्हणणं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं.

पत्रक नवीन केलंय, पलंगावरूनच. लाल रंग काढला. मजकूर माझा आहे, पसंत नसला तरी हाच छापायचा:

'इथे सहज प्रसूतीची हमी मिळत नाही. बाळ कसं येईल ते तुमच्या डॉक्टर बघतील. इथे टेकायला भिंत, बसायला खुर्ची आणि न विचारता थांबायची मुभा मिळते. डॉक्टरांनी व्यायाम नको सांगितलेल्या बायकांनाही जागा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं आणि नुसतं बसावं.'

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, 'तळमजला' हा शब्द घाल. घातलाय. आता तळमजला शोधा.

तुमची,
भिंगरी


२ मे

भिंगरी, अगं बाई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्याशी मनात भांडले. तिसऱ्या दिवशी मुद्देच संपले. मग उठले आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तुझं पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, हे माझ्या दवाखान्यात लावते.

तळमजला मिळाला. एका शिवणवर्गाची खोली आहे. संडास लागूनच. सकाळी शिलाई मशीन भिंतीला सारायची, चिंध्या झाडायच्या, टाचण्या वेचायच्या. टाचण्यांसाठी मी शिवणवाल्या बाईंकडून लोहचुंबक घेतलंय आणि सतरंज्या घालायच्या आधी सबंध खोलीभर ओढते. योगाच्या कुठल्याही पुस्तकात हे आसन नाही.

पहिल्या दिवशी पाचजणी आल्या. बँकेतली कॅशियर, एक हवालदारीण, एक भाजीवाली, एक कॉलेजात शिकवणारी, आणि एक जी काय करते ते तिनं सांगितलं नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्या बघितल्या. हवालदारणीकडे नव्हती. म्हणाली, मी रोज परेड करते, मला काय धाड भरलीय? मी तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन हजर.

त्या न सांगणारीची चिठ्ठी अशी होती: आसनं नकोत, बसायला हरकत नाही. तिची आधीची दोन गेलेली आहेत. तिला खिडकीशी खुर्ची दिली. बाकीच्यांनी खांदे फिरवले, भिंतीला टेकून पाय ताणले, आपसात बडबडल्या, आणि ती नुसती बसली. तासभर एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, ही आता यायची नाही. आठवड्यानं भाजीवाली मधेच थांबून, मला आज फार भीती वाटतेय, असं म्हणाली, तर खुर्चीवरून आवाज आला, "मला रोज वाटते. या इकडे बसा."

आता तिथे तीन खुर्च्या असतात. पाळीपाळीनं सगळ्याच बसतात.

सर परवा रस्त्यात भेटले. म्हणाले, हमी नाही असं छापून धंदा करणारी पहिली बाई बघितली. मी म्हटलं, दुसरी माझी भावजय, मजकूर तिचाच आहे.

आता तुझं सांग. वार सरकली का? जे असेल ते खरं लिही. गोड लिहिलंस तर पुढच्या गाडीनं येईन.

ताई


२४ जून

प्रिय ताई,

सरकली नाही. ऑपरेशनच झालं. तारीख ठरवून, दिवसाउजेडी, शांतपणे. मुलगी आहे, तुमच्यासारखी जाड भुवयांची. तुम्हाला सासूबाईंनी फोनवर सांगितलंच, पण मला माझ्या हातानं लिहायचं होतं. अजून वाकून बसता येत नाही, म्हणून अक्षर असं.

आत नेताना भीती वाटली. फार वाटली. डॉक्टरना सरळ सांगितलं की मला भीती वाटतेय, आणि माझ्याशी बोलत राहा. त्या बोलत राहिल्या. मी सावकाश श्वास घेत पडले होते. शौर्य वगैरे काही दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकू इथे दवाखान्यात आल्या. बाळ बघितलं नाही, आधी माझं पांघरूण बघितलं. म्हणाल्या, "एवढी ती योगवाली नणंद, आणि शेवटी पोट फाडलंच ना?"

मी म्हटलं, "काकू, फाडलं माझं. कण्हताय तुम्ही का?"

सासूबाई बाळाचा लंगोट बदलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "घराण्याचं नाव हिच्या पोटावर लिहिलेलं नव्हतं, वहिनी. चहा घेणार असाल तर बसा." काकू बसल्या नाहीत. त्या गेल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की मला टाक्यांवर उशी दाबून हसावं लागलं. तुमच्या आईला असं हसताना तुम्ही बघितलंय का? मी पहिल्यांदाच बघितलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. शेजारच्या खाटेवर एक मुलगी आहे, माझ्याहून लहान. तिचंही ऑपरेशन झालं, ऐनवेळी. घरचे येतात, बाळाला घेतात, तिच्याशी धड बोलत नाहीत. सासू परिचारिकेला दोनदा विचारून गेली, अजून थोडा वेळ थांबला असतात तर झालं नसतं का? मुलगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. आज मला चालायला सांगितलं होतं. सासूबाईंचा हात धरून उठले, तिच्या खाटेपर्यंत गेले, खुर्ची ओढायला लावली आणि नुसती बसले. मग ती भिंतीकडे बघूनच म्हणाली, "तुमचं नॉर्मल झालं ना?"

मी म्हटलं, "नाही गं. तुझ्यासारखंच. बघ, चालत आले."

ती वळली, ताई. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बाळाला मागून घेतलं.

तुमची,
भिंगरी